मूळ प्रत मिळाली

९ मे

प्रिय आत्या,

अक्षर ओळखलंस ना? ओळखलं असशील तर पत्र पुन्हा पाकिटात कोंबू नकोस, एवढंच आधी सांगते. तीन वर्षांनी लिहितेय आणि कारण काहीच नाही. म्हणजे आहे, पण ते लिहायला हात अजून धजत नाही.

तर बातमी अशी की तुझी भिंगरी नोकरदार झाली आहे. आठ आठवड्यांपुरतीच, पण गळ्यात फोटोचं कार्ड आहे. फोटोत मी नुकतीच पकडली गेलेली दिसते. कॉलेजने सुट्टीत सगळ्यांना कुठे ना कुठे कामाला जुंपलंय. कोणाला बँक मिळाली, कोणाला जाहिरातवाले, मला विम्याचे सल्लागार मिळाले. हे लोक विमा विकत नाहीत. विमा कंपन्यांनी कारभार कसा करावा हे त्यांना शिकवतात. बाबा चारचौघांत 'आमची कन्या कन्सल्टिंगमध्ये आहे' असं सांगतात, आणि म्हणजे नक्की काय करते असं कोणी विचारलं की त्यांना खोकला येतो.

ऑफिस सातव्या मजल्यावर. खिडक्या मोठाल्या, पण एकही उघडत नाही. बाहेर कडक ऊन आणि आत मी स्वेटर घालून बसलेली. आमचे साहेब पन्नाशीचे, हळू बोलणारे, हळू चालणारे. कोणीही घाईघाईने काही सांगायला आलं की हात खाली दाबत म्हणतात, "हळूहळू." म्हणून सगळे त्यांना मागे 'हळूहळू सर' म्हणतात. माणूस फार चांगला आहे. पहिल्या दिवशी मी जेवणाचा डबा विसरले, तर त्यांनी आपल्यातलं अर्धं दिलं.

माझं काम फायली वाचायचं. लोकांनी क्लेम मागितला, मग मधेच सोडून दिला, अशा बंद फायली. कागदी नाहीत, स्कॅन केलेल्या. सर म्हणाले, "माणसं नेमकी कुठे दमतात, ते मला दाखव." मला हे इतकं आवडलं म्हणून सांगू! कोणी तरी हा प्रश्न विचारतंय तरी. कळलं की कंपनी ती पायरी काढून टाकेल, आणि पुढच्या माणसाचा जीव मेटाकुटीला येणार नाही. संख्याशास्त्राचा एवढा सरळ उपयोग मला दोन वर्षं कॉलेजात कोणी दाखवला नव्हता.

आणि हो, ज्या कंपनीचं काम चाललंय ती तीच आहे, आतोबांचा विमा होता ती. हे आपलं सहज सांगितलं.

उत्तर लिही. एक ओळ चालेल.

तुझी,
भिंगरी

२७ मे

प्रिय आत्या,

उत्तर नाही आलं. हरकत नाही, मी चिकट आहे हे तुला माहीत आहे.

आज मला काय सापडलंय ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. आईला सांगितलं तर ती म्हणेल, 'तू आपलं काम कर, लोकांच्या भानगडीत पडू नकोस.'

एका म्हाताऱ्या बाईची फाईल वाचत होते. नवरा हॉस्पिटलातच वारलेला. तिने अर्ज केला, सोबत हॉस्पिटलचा शेवटचा रिपोर्ट जोडला, मूळ प्रत. पान सातवर तो रिपोर्ट दिसतोय, त्यावर कंपनीचा निळा शिक्का, 'मूळ प्रत मिळाली', तारीख, खाली कारकुनाची सही. पान नऊवर कंपनीचं तिला पत्र: 'आपल्या अर्जासोबत रिपोर्टची मूळ प्रत आढळली नाही, कृपया पाठवावी.'

मी मागे गेले, पुढे आले. पुन्हा मागे गेले. शिक्का आहे. आढळली नाही म्हणजे काय? दोन पानं मागे तर आहे! बाईने उत्तर लिहिलंय, थरथरत्या अक्षरात, की मी पाठवली होती. त्यावर कंपनीचं दुसरं पत्र, शब्दाला शब्द तेच. मग बाईचं काहीच नाही. शेवटच्या पानावर टाईप केलेलं: 'अर्जदाराने स्वतःहून पाठपुरावा थांबवला.'

मला वाटलं, एखादीच चूक. मग मी वेड लागल्यासारखी सगळ्या फायली पुन्हा काढल्या. चारशे बारा आहेत. त्यातल्या एकशे सदुसष्टांमध्ये जो कागद मागितलाय तो फाईलमध्येच आहे, शिक्क्यासकट. आत्या, माझे हातपाय गार पडले, आणि ते काही एसीमुळे नाही.

धावत सरांकडे गेले. म्हटलं, "सर, केवढा घोळ आहे हा! कागद घेणारं टेबल वेगळं आणि पत्र लिहिणारं वेगळं. पत्र लिहिणारे फाईल उघडतच नाहीत, त्यांच्याकडे नुसती नावांची यादी येते."

सर म्हणाले, "बरोबर. छान पकडलंस."

"हे तर एका दिवसात सुधारता येईल!"

"हळूहळू," सर म्हणाले. "आधी आकडे मांड. किती पत्रांनंतर किती लोक उत्तर देतात, त्याचा एक आलेख कर. चौदा तारखेला कंपनीची माणसं येणार आहेत. तूच मांड त्यांच्यापुढे."

मीच! नवशिक्या पोरीला कोण असं उभं करतं? निकाली निघालेल्या क्लेमचे आकडेही मिळवले, आणि आलेख झालासुद्धा. पहिल्या पत्राला शंभरातले नव्वद उत्तर देतात. दुसऱ्याला साठ. काही फायलींत चुकून तिसरंही पत्र गेलंय, त्याला शंभरातले फक्त नऊ. रेघ अशी खाली कोसळते की पाहवत नाही. वर मी शीर्षक दिलंय: 'इथे माणसं दमतात'. खाली दोन सूचना. दुसरं पत्र फाईल उघडून पाहिल्याशिवाय पाठवू नये. तिसरं कधीच पाठवू नये.

आत्या, तुलासुद्धा त्यांनी रिपोर्टची मूळ प्रतच मागितली होती ना? मला नीट आठवत नाही. आठवतंय, पण तू सांग.

तुझी,
भिंगरी

१४ जून

आत्या,

मी घरी आलेय. दार लावून बसलेय. आई बाहेरून विचारतेय, कसं झालं, आणि मी म्हणतेय, छान झालं. खरंच छान झालं. त्याचंच तर मला काही कळेनासं झालंय.

मोठं टेबल, कंपनीचे सहा जण, पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकापुढे वही आणि नवं पेन. माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि मागच्या पडद्यावर माझा आलेख आला. रेघ माझीच. वर शीर्षक होतं: 'इथे क्लेम आपोआप मिटतात'.

मला वाटलं कोणाचं तरी दुसरंच पान आलं. खाली माझ्या दोन सूचना नव्हत्या. एकच होती: 'तिसरं पत्र सर्वांना पाठवावं.'

मी हातातला माझा कागद आणि पडदा ताडून बघत उभी राहिले. सरांना वाटलं मी घाबरले, म्हणून ते उठले आणि माझ्या शेजारी येऊन त्यांच्या त्या मऊ आवाजात सांगू लागले. सध्या कंपनी दोन पत्रांवर थांबते. एका जास्तीच्या पत्राला कागद आणि तिकीट एवढाच खर्च. या मुलीने चारशे फायली वाचून हे शोधलंय. कोणालाही नकार द्यावा लागत नाही, त्यामुळे कोणी तक्रारही करत नाही. "आपण नाही म्हणतच नाही," सर म्हणाले, "आपण फक्त विचारतो."

सहा जणांनी माना डोलावल्या. एका बाईंनी ते वाक्य वहीत उतरून घेतलं. आणि मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे बघून.

मी काय केलं माहीत आहे? मी 'थँक यू' म्हटलं.

बाहेर आल्यावर शेजारच्या टेबलावरच्या ताईला विचारलं, शीर्षक कोणी बदललं. ती म्हणाली, "मी. तुझं जरा भावुक होतं गं." मग म्हणाली, "ते दोन टेबलांचं होतं ना, तो घोळ नाहीये. ती पद्धत आहे. पाच वर्षांपूर्वी सरांनीच सुचवली होती." एवढं सांगून तिने मला बिस्किट पुढे केलं. वाईट बाई नाही ती. ज्याला शिव्या घालाव्यात असं तिथे कोणीच नाही, त्यामुळे तर मला आणखी धडकी भरते.

मला भोळी म्हणावं की मूर्ख? माणसं कुठे दमतात ते दाखव, असं ते म्हणाले, आणि ते का विचारतायत हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. एक तारखेपासून तिसरं पत्र सुरू होणार. माझ्या रेघेवरून.

आता ते लिहिते, जे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. तीन वर्षांपूर्वी, आतोबा गेल्यावर, तू कंपनीचं दुसरं पत्र घेऊन आमच्याकडे आली होतीस. ड्यूटीवरून थेट, हॉस्पिटलचा पांढरा कोट हातावर. बाबांनी उत्तर लिहून द्यावं म्हणून. मी दार उघडलं. आतून बाबा ओरडले, "आता पुन्हा काय हरवलं हिने?" आणि मी, सतरा वर्षांची अतिशहाणी, बाबांचा आवाज ऐकून चेकाळले. "आत्या, आतोबांचा एक कागद सांभाळता येत नाही तुला?" मी म्हणाले. हसत म्हणाले. तू उंबऱ्यावरूनच वळलीस आणि पुन्हा कधी आली नाहीस.

मला पश्चात्ताप होतो असं लिहिलं तर किती स्वस्त वाटतं ते. पण होतो.

भिंगरी

१९ जून

आत्या,

ऑफिसची फुकटची पाकिटं माझ्यासाठी संपली, म्हणून हे वहीच्या पानावर. घडी घालून खळ लावलीय, नीट उघड, फाटेल.

मागच्या पत्रात एक गोष्ट लपवली होती. त्या टाळ्यांनंतर सरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की कॉलेज संपलं की इथे ये, जागा तुझी. आणि मी हो म्हणून बसले. इतकं सगळं कळल्यावरही हो म्हणाले. माझंच मला नवल वाटतं. जीभ आपोआप वळली.

शनिवार-रविवार मी अंथरुणात पडून काढले. सोमवारी सकाळी ऑफिसात गेले, मशीन सुरू केलं आणि आतोबांचं नाव टाकलं; माझ्या चारशे बारांत त्यांची फाईल नव्हती. ओळखीच्या माणसाची फाईल उघडायची नाही, असा नियम आहे. पहिल्याच दिवशी त्यावर सही घेतात. माहीत असून उघडली.

सव्वीस पानांची फाईल आहे.

पान अकरा. हॉस्पिटलचा शेवटचा रिपोर्ट. निळा शिक्का, 'मूळ प्रत मिळाली'. तारीख तू अर्ज दिलास त्याच दिवसाची. खाली सही.

पान चौदावर त्यांचं पहिलं पत्र, की मूळ प्रत आढळली नाही. पान सतरावर तुझं उत्तर. 'मूळ प्रत अर्जासोबत दिली आहे असे मला वाटते, तरी घरी पुन्हा शोधते.' पान एकोणीसवर त्यांचं दुसरं. ते घेऊन तू आमच्या दारात उभी होतीस. आणि पान सव्वीसवर तेच वाक्य, की अर्जदाराने स्वतःहून थांबवलं.

आत्या, तू काही हरवलं नव्हतंस. तू दिला होतास तो कागद. पहिल्याच दिवशी दिला होतास. मी खुर्चीत बसल्या जागी रडले, मोठ्याने. आजूबाजूचे उठून आले.

तशीच सरांकडे गेले. "पान अकरा बघा," म्हटलं. त्यांनी चष्मा लावून शांतपणे बघितलं. मला वाटलं आता तरी चेहरा पडेल. ते म्हणाले, "सख्खी आत्या?"

"सख्खी."

"वाईट झालं. त्यांना सांग, पुन्हा अर्ज करा. होईल हळूहळू." आणि लगेच म्हणाले, "पण तू नाव टाकून शोधलंस. त्याची नोंद होते. आता मला काही करता येणार नाही. कार्ड दे."

"आणि त्या एकशे सदुसष्टांना कोण सांगणार, सर?"

त्यांना खरंच प्रश्न कळला नाही. कार्डासाठी पुढे केलेला हात तसाच होता.

तर माझी नोकरी गेली. सर्टिफिकेट नाही, म्हणजे कॉलेजचे त्या विषयाचे मार्कही गेले. बाबा दोन दिवस घरात धुमसत होते. काल मी त्यांना पान अकरा, चौदा, एकोणीस असं सगळं सांगितलं. ते उठून बाल्कनीत गेले आणि तिथेच उभे राहिले. आई म्हणाली, जेवायला बोलाव, तर आले नाहीत.

तिथून मी एकही कागद आणलेला नाही, पाननंबर तेवढे तळहातावर लिहून आणले. कागद मागायचा हक्क तुझा आहे, माझा नाही. बंद फाईल तीन वर्षांच्या आत उघडता येते. तुझी मुदत तीस जुलैला संपते. सोबत अर्ज लिहून पाठवतेय: माझ्या फाईलची पूर्ण नक्कल द्या, पान अकरा पाहा, क्लेम पुन्हा उघडा. सहीपुरती जागा सोडली आहे. सही करून पोस्टात टाक, किंवा मला पाठव, मी हातोहात नेऊन देईन आणि पोच घेईन.

आणि मला जे बोलायचं असेल ते बोल. शिव्या दे. पण गप्प बसू नकोस, आत्या. चारशे बारा माणसं गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्यातून मी आलेख काढला.

भिंगरी

२६ जून

चि. भिंगरीस,

तुझी आधीची तीन पाकिटं मी फोडलीच नव्हती. लांबट, पांढरी, वर छापील पत्ता. तसली आली की मी खणात टाकते आणि खण लावून घेते. हे चौथं वहीच्या कागदाचं आलं म्हणून उघडलं. मग बाकीची काढून ओळीने वाचली. आज सकाळपासून दुसरं काहीच केलेलं नाही.

मी नोकरी सोडली, तेव्हा तुझ्या आईला सांगितलं की उभं राहून पाय दुखतात. पाय ठणठणीत आहेत माझे. खरं काय ते कोणालाच सांगितलं नव्हतं, आता तुला सांगते.

पहिलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, दिलाय की आपण. दुसरं आलं तेव्हा वाटलं, दिला नसेल. एवढी मोठी कंपनी दोनदा खोटं कशाला लिहील? मग मी घर उलटंपालटं केलं. गाद्या उसवल्या. ह्यांच्या प्रत्येक शर्टाचे खिसे पाहिले, धुतलेल्यांचेसुद्धा. कागद काउंटरवर देताना मला स्पष्ट दिसत होता, त्या मुलाच्या बोटाला शाई लागली होती तीही दिसत होती. आणि कागद तर त्यांच्याकडे नव्हता. म्हणजे जे झालंच नाही ते मला दिसतंय, असा मी अर्थ लावला. माझ्या आईचं शेवटी तसंच झालं होतं, तुला आठवत नसेल, तू लहान होतीस.

मी हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीमागे एकतीस वर्षं काढली. एका रोग्याची गोळी कधी दुसऱ्याला गेली नाही. पण त्यानंतर मी प्रत्येक पुडी चारचारदा मोजायला लागले. बाहेर रांग वाढायची, लोक कावायचे. एके दिवशी एका बाळाचं औषध हातात होतं आणि मला खात्रीच वाटेना की बाटली तीच आहे. ती तीच होती. मी ती दुसरीकडून तपासून घेतली, दिली आणि आत जाऊन राजीनामा लिहिला. ज्या बाईला आपण कागद कुठे दिला ते कळत नाही, तिने लहान मुलांची औषधं देऊ नयेत. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, म्हणाले, काही झालेलं नाही. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. कंपनीचं शिक्क्याचं पत्र तर उलटंच सांगत होतं.

तीन वर्षं मी गॅस बंद केला की नाही हे पाहायला तीनदा उठते. कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे एकटी जात नाही, रस्ता विसरेन म्हणून. शेजारणीकडे घराची एक किल्ली आणि तुझ्या बाबांचा नंबर ठेवलाय.

आणि डोकं तर माझं ठिकाणावर होतं. सगळा वेळ ठिकाणावर होतं.

सही केली आहे. अर्ज सोबत आहे. पैसे मिळोत न मिळोत, मला ते पान अकरा हातात हवंय. दादाला सांग, बाल्कनीत उभं राहून काही होत नाही, अर्ज द्यायला तुझ्याबरोबर त्यानेही यावं. आणि त्या एकशे सदुसष्टांचं काय करायचं ते आपण दोघी बसून ठरवू. मला अजून लिहिता येतं.

तुम्हा सगळ्यांना वाटतं की त्या दिवशी मी तुझ्यावर रागावून गेले. मुळीच रागावले नव्हते. कागद सांभाळता येत नाही का, असं तू विचारलंस, आणि मला ते पटलं होतं.

राग आज आलाय, सगळा एकदम. रविवारी ये. समोर बसवून तुला नीट बोलायचं आहे.

आत्या